कान्ह्याच्या यंत्राला हात कुणी लावला?

मी संशयी बाई आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे निवृत्तीनंतर हिचा स्वभाव असा झाला असं कुणाला वाटायला नको. स्वभाव आधीपासूनच असा, धंद्यात तो कामाला आला एवढंच. आमच्याकडे भाजीवाल्याने स्वतःहून कोथिंबीर जास्त घातली तरी मी जुडी उलटीसुलटी करून बघते. यजमान म्हणतात, तुला मोक्ष मिळाला तरी तू आधी पावती मागशील.

लोणावळ्यात राहून मी आयुष्यभर कॉम्प्युटर दुरुस्त केले. खंडाळ्यापासून वडगावपर्यंत जिथे म्हणून कॉम्प्युटर होता तिथे माझी स्कूटर जायची, पायापाशी हत्यारांची पेटी आणि पाठीवर फ्लॉप्यांची पिशवी. बाईमाणूस कॉम्प्युटर उघडणार म्हटल्यावर लोक खुर्ची ओढून समोर बसायचे. मला आधी ते कौतुक वाटलं. नंतर कळलं की मी आतलं काही काढून नेत नाही ना, हे बघायला बसतात.

त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. तेव्हा मेमरीच्या पट्ट्या भलत्याच महाग होत्या, आणि चांगली काढून जुनी बसवणारे महाभाग आमच्यात होतेच. मळवलीला बंगला बांधून राहिलेले एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी पत्नीचं नेलपॉलिश घेऊन प्रत्येक पट्टीवर लाल ठिपका दिला होता. माझं काम झालं की ते चष्मा लावून ठिपके तपासायचे आणि मगच चहा यायचा. एकदा एक ठिपका दिसेना. त्यांचा आवाज चढला नाही, उलट फार गोड झाला. "बाई, चहा घ्या सावकाश. आणि जिथे ठेवली असेल तिथून ती आणा." मी कॅबिनेट आडवं करून हळूच ठोकलं, तेव्हा आतल्या उष्णतेने सुटलेली नेलपॉलिशची टिकली टेबलावर पडली. त्यांनी ती बघितली, नखाने उलटवली, आणि पुढच्या खेपेला पट्ट्यांवर स्वतःची सही केली. माफी वगैरे काही नाही. मला तो माणूस आवडायचा.

त्याच गृहस्थांच्या शेजारचे बंगले शनिवार-रविवारी पाहुण्यांना देत. तिथल्या केअरटेकरची खोल्या देता-घेताना उडणारी तारांबळ मी पुष्कळदा बघितली होती, आणि माझ्या धंद्यातला सगळ्यात चकवणारा बिघाड लोकांना समजावून सांगायला मला तीच उपयोगी पडली. तो बिघाड इथेही सांगावा लागेल, कारण त्यापायी एका माणसाची नोकरी आणि नाव दोन्ही जायची वेळ आली होती.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क आपण होऊन काही करत नाही. तिच्यावर एक मुकादम असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. काय लिहायचं, काय वाचायचं ते तो बघतो. डिस्क संथ, म्हणून आणखी एक गडी नेमतात, डिस्क कॅशेचा ड्रायव्हर. हा एक छोटा प्रोग्रॅम असतो. लिहायचा मजकूर तो आधी मेमरीत आपल्यापाशी गोळा करतो आणि मग एकगठ्ठा मुकादमाच्या हवाली करतो. त्याने काम भराभर उरकतं. आता बसायला दोघांनाही जागा लागते ती मेमरीतच. मेमरी म्हणजे मळवलीचा बंगला धरा. त्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली मुकादमाने स्वतःसाठी धरलेली असते. बोर्डाच्या सेटिंगमध्ये आपण नोंदवून ठेवायचं असतं की ही खोली बंद, कुणाला द्यायची नाही. ते नोंदवलेलं नसलं की त्या खोलीत दुसरंच कुणी उतरतं आणि सामानाची सरमिसळ होते. गर्दी नसेल तर पत्ताही लागत नाही. गर्दी झाली की एकाच्या पेटीत दुसऱ्याचे कपडे.

वाईट हे की पडद्यावर चूक दाखवली जात नाही. सगळं सुरळीत दिसतं आणि आत मजकूर नासत असतो. ड्रायव्हर काढून टाकला की एकेक काम सावकाश होतं, गर्दीच होत नाही, आणि बिघाड थांबतो. मग सगळे खूश. ड्रायव्हरच वाईट होता म्हणतात आणि घरी जातात. ज्याला काढल्यावर त्रास थांबला तोच गुन्हेगार, ही समजूत फार सोयीची आहे. मी तिच्यावर कधी विश्वास ठेवला नाही, कारण मी कशावरच ठेवत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर वडगावच्या अलीकडच्या कान्हे गावाहून काळेसाहेबांचा फोन आला. कान्ह्याला त्यांचं साचे बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. रबराच्या वस्तू ज्यात ओततात ते पोलादी साचे. साचा कोरणारं त्यांचं मिलिंग मशीन जुनं, पण काम अजून नामी करतं. कुठे किती खोल कोरायचं याच्या सूचना त्याला एक तितकाच जुना कॉम्प्युटर देतो, तो मीच बसवून दिलेला. नवा कॉम्प्युटर त्या मशीनशी बोलतच नाही, म्हणून अजून तोच चालू आहे. तरुण मंडळी असल्या यंत्रांचे मोबाईलवर गंमत म्हणून फोटो काढतात. काळेसाहेबांचं पोट त्याच्यावर आहे.

"पेंडसेबाई, तुम्ही आता जात नाही कुठे, मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण शेवटचं एकदा या. दोन साचे फुकट गेलेत. आणि ते कुणी घालवलेत हे मला कळलंय, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी गेले. काळेसाहेबांनी मला आधी साचा दाखवला. आरशासारखा गुळगुळीत कोरलेला खोलगट भाग आणि त्यात मध्येच एक खोल चर, कटर आत घुसलेला. मग दुसरा साचा, तसाच चर, पण वेगळ्या जागी. दोन्ही कामं बबनरावांनी केलेली. बबनराव म्हणजे वर्कशॉप सुरू झाल्यापासूनचा कारागीर, नाणे मावळाच्या बाजूचा शेतकरी माणूस. मोठी, अवघड कामं तोच करायचा. दुसरे कारागीर शिंदे, ते लहानसहान कामं बघत.

काळेसाहेबांचं म्हणणं असं. दसऱ्यानंतर बबनरावांचं भात कापणीला येतं. त्यांचं हळवं भात, म्हणजे लवकर तयार होणारं. ते दरवर्षी सुट्टी मागतात आणि हाच कामाचा हंगाम असल्यामुळे काळेसाहेब दरवर्षी नाही म्हणतात. त्याच्या आदल्या वर्षीही नेमका दसऱ्यानंतर एक साचा बिघडला होता, पुण्याहून माणूस येऊन यंत्र ठीक करून जाईपर्यंत काम बंद राहिलं, आणि तेवढ्यात बबनरावांचं भात निघालं. यंदा पुन्हा तेच. म्हणून काळेसाहेबांनी बबनरावांना घरी बसवलं होतं. शिंदे काम करत होते आणि एकही साचा बिघडला नव्हता.

"तो गेला आणि त्रास थांबला," काळेसाहेब म्हणाले. "तुम्ही एवढंच सांगा, यंत्र चांगलं आहे की नाही. चांगलं असेल तर मी पोलिसांत देणार. माझ्या नावाला बट्टा लागलाय, त्याच्या का लागू नये?"

हे सगळं इतकं चपखल बसत होतं की मला लगेच संशय आला. आधी काळेसाहेबांचा. त्यांच्या शेडच्या पलीकडे एका बिल्डरचा मोठा फलक लागला होता. शेड विकायची असेल तर जुना कारागीर आधी बाहेर काढलेला बरा, असं माझ्या मनात आलं. मग शिंद्यांचा. मग बबनरावांचाही, कारण भाताची गोष्ट खरीच पटण्यासारखी होती. मी पेटी उघडली आणि चहा नको म्हटलं. चहा घेतला की माणूस यजमानाच्या बाजूने विचार करायला लागतो.

शिंद्यांची लहान कामं मी त्या कॉम्प्युटरवरून पुन्हा पुन्हा पाठवून बघितली, ठीक गेली. मग बबनरावांच्या साच्याची लांबलचक फाइल घेतली, तिची प्रत केली आणि प्रत मूळ फाइलशी ताडून बघितली. प्रत नासलेली होती. पुन्हा प्रत केली, ती वेगळ्या ठिकाणी नासलेली. ड्रायव्हर काढला आणि केली, अगदी स्वच्छ आली. ड्रायव्हर घातला, पुन्हा नासली. ही लक्षणं माझ्या ओळखीची होती. मी काळेसाहेबांना म्हटलं, बबनराव घरी आहेत आणि तरी बिघाड होतोय. शिंद्यांच्या कामाला गर्दी नसते म्हणून तो दिसत नाही, इतकंच.

काळेसाहेब हटले नाहीत. हा ड्रायव्हर तुम्हीच पहिल्या दिवसापासून घातलाय, इतकी वर्षं गुण्यागोविंदाने चालला, मग आत्ताच काय झालं, असं त्यांनी विचारलं. यंत्र आपोआप बिघडत नाही, कुणीतरी हात लावलाय. प्रश्न बरोबर होता. तो मलाही पडला होता.

मी वीज न तोडता यंत्र रीसेट केलं आणि सेटिंगच्या पडद्यात शिरले. मुकादमाची ती वरची खोली मी स्वतः बंद करून ठेवली होती, मला चांगलं आठवत होतं. ती उघडी होती.

खरं तर पहिला संशय बोर्डावरच्या बॅटरीचा यायला हवा, आणि तो आला. सेटिंग लक्षात ठेवायला बोर्डावर एक गोल चपटी बॅटरी असते. ती मेली आणि वरून वीजही बंद झाली की बोर्ड सगळं विसरतो आणि कारखान्यातून आला तसा होतो. पण मग तारीखही बिघडते, आणि इथे तारीख बरोबर होती. शिंद्यांनी सांगितलं, मशीनचा प्रोग्रॅमच रोज सकाळी तारीख विचारतो आणि भरून घेतो. म्हणजे तारखेवरून काहीच सिद्ध होत नव्हतं. मी काळेसाहेबांना विचारलं, यंत्र मध्ये कधी बंद केलं होतं का, वीज गेली होती का.

"छे. तुम्हीच सांगितलं होतंत ना, जुनी डिस्क थंड झाली की पुन्हा फिरेल याची खात्री नाही म्हणून. वीज गेली तरी चालू राहावं म्हणून बाहेरून वेगळी बॅटरी लावलीय. रात्रंदिवस चालू असतं."

वीज कधी गेलीच नसेल तर बोर्डावरची बॅटरी मेलेली असो की जिवंत, काही फरक पडत नाही. मग खोली कुणी उघडली? यंत्र बंद करून बॅटरी मोजायची म्हणजे डिस्क थंड करायची, ते धाडस मला उगाच करायचं नव्हतं. काळेसाहेब माझ्याकडे बघत होते. मी नाइलाजाने म्हटलं, हो, सेटिंग बदललेलं आहे.

"म्हणजे हात लावलाय."

"लागलेला दिसतो," मी म्हटलं.

त्यांनी फोन हातात घेतला. त्या क्षणी मला माझ्याच शोधाची भीती वाटली. मी माणसाला सोडवायला म्हणून तपास केला होता आणि त्याच्याच गळ्यात दोर नेऊन बांधला होता. मी म्हटलं, आधी मला बबनरावांना भेटू द्या, मग कुणाला करायचा तो फोन करा. दुपारची वेळ, मला परतायला लोकल नव्हतीच. शिंदे मला मोटारसायकलवरून घेऊन गेले.

बबनराव आणि त्यांची बायको खळ्यावर भात झोडत होते. मला बघितल्यावर बबनरावांनी हातातली पेंढी खाली ठेवली, पाण्याचा तांब्या दिला आणि बांधावर पोतं अंथरलं. मी सेटिंगचं विचारलं. त्यातलं आपल्याला काही समजत नाही, म्हणाले. साच्याचं विचारलं. फाइल नेहमीसारखीच लावली होती, म्हणाले. मग मी विचारलं की इतक्यात कधी पडद्यावर वेगळं काही आलं होतं का. तेव्हा त्यांनी मान वळवली आणि पेंढ्यांकडे बघायला लागले.

हे मला नवीन नव्हतं. खोटं बोलणारा माणूस बरोबर त्याच प्रश्नाला मान वळवतो. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. मी उठलेच होते.

"सांगा की," त्यांची बायको म्हणाली. "आता आनखी काय जायचं ऱ्हायलंय?"

बबनरावांनी डोक्याचं फडकं सोडून हात पुसले. मग म्हणाले, "मुहूर्ताला यंत्र अडलंवतं म्याडम."

"कुठल्या मुहूर्ताला?"

"दसऱ्याच्या. खंडेनवमीला समदी हत्यारं पुसून पूजेला मांडतो आन यंत्र बंद ऱ्हातं. दसऱ्याला सकाळी साहेब नारळ फोडत्यात, मग मी चालू करतो. तर काळ्या पडद्यावर कायतरी इंग्रजीत आलं आन थांबलं. खाली एफवन दाबा म्हनून व्हतं. मागं साहेब हुबं, भटजी हुबं, शेजारच्या शेडची मान्सं हुबी. मी दाबलं. चालू झालं."

"आदल्या वर्षीही?"

"व्हय."

"मग हे कुणाला सांगितलं का नाही?"

"तुमीच म्हनलावता, काळ्या पडद्यावर काय आलं तर कुटल्याच बटनाला हात लावायचा न्हाई, तुमाला बोलवायचं." ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलत होते. "आन साहेब लय मनाला लावून घेत्यात. मुहूर्ताला यंत्र अडलं म्हनल्यावर वरीसभर त्येच घेऊन बसलं असतं. म्हनलं, त्यास्नी कशाला कळू द्यायचं."

मी म्हटलं, पण साहेब तर म्हणाले की यंत्र कधीच बंद करत नाहीत.

"ते त्याला बंद धरत न्हाईत," बबनराव म्हणाले. "ती पूजा."

मी पुन्हा पोत्यावर बसले. बॅटरी दीड-दोन वर्षांपूर्वीच मेली असणार. वर्षभर यंत्राची वीज चालू, म्हणून कुणाला पत्ता नाही. खंडेनवमीला वीज गेली की बोर्ड सगळं विसरायचा, दसऱ्याला एफवन दाबला की विसरलेल्या अवस्थेतच उठायचा. ही डिस्क ज्या जातीची आहे ती सेटिंग नसलं तरी चालू होते, त्यामुळे एफवनच्या पुढे कुणालाच काही खटकायचं नाही. मुकादमाची खोली उघडी, आणि दसऱ्यानंतरच्या हंगामात पहिलं मोठं काम बबनरावांचं. आदल्या वर्षी पुण्याहून आलेल्या माणसाने ती खोली बंद करून दिली असेल आणि कुणाला काही बोलला नसेल. आमच्या धंद्यात न बोलण्याची पद्धतच आहे.

वर्कशॉपवर परत आल्यावर मी काळेसाहेबांना काही सांगितलं नाही. आधी यंत्रातल्या सगळ्या फाइलींची दुसरीकडे प्रत करून घेतली, ड्रायव्हर काढून ठेवूनच. मुकादमाची खोली पुन्हा बंद केली आणि ती बंद झाल्याचं त्यांना पडद्यावर दाखवलं. मग म्हटलं, खंडेनवमीला तुम्ही यंत्राचं जे काही करता ते मला करून दाखवा.

ते वैतागले, पण उठले. आधी त्या वेगळ्या बॅटरीचं बटण बंद केलं. मग भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. यंत्राची घरघर थांबली. शेडमध्ये एकदम फार शांत झालं. ती डिस्क पुन्हा फिरली नाही तर काय, हे भय मला त्यांच्यापेक्षा जास्त होतं, आणि तेवढ्यासाठी मी तेव्हा मात्र चहा घेतला.

चहा झाल्यावर त्यांना स्विच वर करायला सांगितलं. डिस्क कुरकुरली, थांबली, मग फिरली. काळा पडदा आला आणि त्यावर इंग्रजीत ओळी. एफवन दाबा. मी दाबला नाही. सेटिंगमध्ये गेले आणि मघाशी त्यांच्यासमोर बंद केलेली खोली दाखवली. ती उघडी होती.

काळेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग मेन स्विचकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दोन्ही वर्षं मीच केलं होतं बंद," ते म्हणाले. "बबनला हात लावू देत नाही मी त्या दिवशी. मालकानेच करायचं असतं ते."

मी म्हटलं, तुमचंही काही चुकलं नाही, बॅटरीचं आयुष्य संपलं. आणि मग बबनरावांनी एफवनचं का लपवलं तेही सांगितलं, अगदी त्यांच्या शब्दांत. ते ऐकून काळेसाहेब खुर्चीवर बसले. बराच वेळ साच्यातल्या त्या चरावरून बोट फिरवत राहिले. मला त्यांची दया आली, आणि त्यांच्याबद्दल मी बिल्डरचा संशय घेतला होता तो मनातल्या मनात मागे घेतला. पूर्ण नाही, थोडा.

कामशेतच्या घड्याळाच्या दुकानातून शिंद्यांनी नवी बॅटरी आणली. मी ती बसवली, खोली बंद केली, स्विच खाली-वर करून बघितला. सगळं लक्षात राहिलं. मग ड्रायव्हर परत घातला. ते एका ओळीचं काम. बबनरावांच्या फाइलीच्या पुन्हा पुन्हा प्रती केल्या, एकही नासली नाही. ड्रायव्हर आधीही चांगला होता आणि आताही चांगला होता, मध्ये त्याला काढलं होतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

बबनरावांना फोन करून बोलवतो, असं काळेसाहेब म्हणाले. मी म्हटलं, फोन करू नका, जा. ते दुसऱ्या दिवशी खळ्यावर गेले, असं शिंद्यांनी मला नंतर सांगितलं. बबनरावांनी त्यांनाही पोतं अंथरून दिलं, पाणी दिलं, आणि भात निघाल्यावर येतो म्हणाले. दिवाळीनंतर ते कामावर आले. साचे पुन्हा पहिल्यासारखे सुरेख होऊ लागले. मला वाटलं, झालं, मिटलं. माझ्यासारख्या बाईला असं वाटणं हेच मुळात चमत्कारिक होतं.

यंदाच्या खंडेनवमीला काळेसाहेबांनी मला पूजेला बोलावलं. यंत्राकडे एकदा बघाल, असं कारण दिलं, पण गाडी पाठवली आणि साडीही दिली. शेड झाडून लख्ख केली होती. कानशी, नट आवळायचे पाने, ड्रिल, कटर, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूच्या माळा. कॉम्प्युटरलाही एक छोटी माळ. मी शिंद्यांपाशी उभी होते. बबनराव यंत्रापासून लांब, दाराजवळ उभे होते. मी सहज म्हटलं, बबनराव पुढे का येत नाहीत. शिंदे हळूच म्हणाले, आता ते एकटे यंत्रापुढे बसतच नाहीत. मोठी फाइल लावायची असली की मला हाक मारून शेजारी उभं करतात. माझं काम अडलं तरी चालतं, पण ते उभं करतात.

पूजा झाली. काळेसाहेब मेन स्विचपाशी गेले आणि मध्येच थांबले. इतकी वर्षं मालकाने करायचं म्हणून जे कुणाला करू दिलं नव्हतं, त्याच्यासाठी त्यांनी हात बाजूला घेतला. त्यांना हे बोलायला जड जात होतं, ते दिसत होतं.

"बबन," ते म्हणाले, "यंदा तू कर बंद."

बबनराव दारातून हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे घेऊन एकमेकांत धरले.

"नगं साहेब," ते म्हणाले. "तुमीच करा. मी हितंच हुबा ऱ्हातो, समद्यांस्नी दिसंल असा."

काळेसाहेबांनी स्विच खाली ओढला.